तलावाकाठी प्रॉम्प्टर

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (डावा गुडघा वाकू देतो तेवढाच, उरलेला मनातून). तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडल्याचं दाजींकडून कळलं. आता तुला समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कोणती भाजी चिरताहेत तेसुद्धा दिसतं, असं ते म्हणाले. म्हणताना त्यांचा आवाज जरा खोल गेला होता, पण ते खोकल्यामुळे असेल. त्यांचा खोकला कसा आहे? गरम पाण्याच्या गुळण्या करतात, की नुसतं करतो करतो म्हणतात? इकडे आम्ही दोघं ठणठणीत. तुझ्या भावजयीची कंबर मधूनमधून धरते आणि माझा एक बूट गेला, एवढं सोडलं तर तक्रारीला जागा नाही. (बुटाचं पुढे येईलच.)

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीस. ही तक्रार नव्हे, हा चौसष्ट वर्षांचा अनुभव आहे. शिवाय ही बातमी कागदावर असलेलीच बरी. तुला नव्या डोळ्याने दोनदा वाचता येईल आणि वाटलं तर शेजारच्या मास्तरीणबाईंना मोठ्याने वाचून दाखवता येईल. तर बातमी अशी, की आपली गप्पू कायम झाली. तलावावरच्या निसर्ग केंद्रात, मार्गदर्शक म्हणून, सहीशिक्क्यासह. आणि कशाच्या जोरावर? बारा अनोळखी माणसांना घेऊन संध्याकाळी अख्ख्या तलावाला फेरी मारली, त्या जोरावर. मागच्या महिन्यात तू मला काय म्हणाली होतीस ते मी इथे उगाळत बसत नाही. ("जी पोरगी चार माणसांत तोंड उघडत नाही ती लोकांना काय फिरवणार, लोकच तिला फिरवून आणतील." हे तुझे शब्द, मी फोनशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेत.) मी मनात काही ठेवत नाही अक्का, फक्त कॅलेंडरवर ठेवतो.

आता पहिल्यापासून सांगतो. औषधाच्या कारखान्यात गप्पूने सहा वर्षं बाटल्यांवरची लेबलं तपासली, हे तुला माहीत आहे. पट्ट्यावरून बाटली यायची, ही लेबल सरळ आहे का बघायची, बाटली पुढे जायची. बोलायची गरज नाही, म्हणून आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की पोरीला अगदी साजेशी नोकरी मिळाली. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन गच्चीवर जायची. तिथून तलाव दिसतो. तिथेच कधीतरी तिला पक्ष्यांचा नाद लागला, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली की मी लेबलं सोडली. (त्या रात्री तू दीड तास फोनवर होतीस. तुझ्या भावजयीने रिसीव्हर पोळपाटाशेजारी ठेवून पोळ्या लाटल्या, तरी तुला कळलं नाही.) गेले दहा महिने ती केंद्रात तात्पुरती होती. लोकांना दुर्बिणी मोजून द्यायच्या, परत घ्यायच्या, ओले गमबूट उलटे करून वाळवायचे, कोणी काय पाहिलं ते नोंदवहीत उतरवायचं. कायम व्हायचं तर एकच परीक्षा. मुख्य कार्यालयातून एक बाई येणार, गप्पूने लोकांना संध्याकाळची फेरी घडवायची, बाई वहीत टिपणार. जमलं तर कायम, नाही जमलं तर महिनाअखेरीला घरी. कारखान्यातल्या सुपरवायझरने तिचं स्टूल अजून कुणाला दिलेलं नव्हतं, आणि हे तो सगळ्यांना सांगत फिरत होता. त्या स्टुलाने माझी झोप उडवली.

अशा वेळी बापाने काय करायचं? जे येतं ते करायचं. माझं काम तुला ठाऊक आहेच, पण दाजींसाठी पुन्हा सांगतो, कारण ते अजूनही मला पडदा ओढणारा समजतात. मी प्रॉम्प्टर होतो. नाटक चालू असताना विंगेत हातात वही धरून उभं राहायचं आणि नट अडला की पुढची ओळ अशी सांगायची, की त्याला ऐकू जावी आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. चाळीस वर्षं केलं. या कामाचं एक गणित असतं. नट थांबला की मनात आकडे मोजायला लागायचं. एक आणि दोन म्हणजे त्याने घेतलेला श्वास. तीन म्हणजे अभिनय. चार म्हणजे शंका. पाचाला ओळ गेलीच पाहिजे, नाहीतर नाटक झोपलं म्हणून समज. माझ्या उभ्या हयातीत एकही नट सहाच्या पुढे गेला नाही. (एक गेला होता, पण तो बेशुद्ध पडला होता.)

तेव्हा तयारी मीच घ्यायची ठरवली. गप्पूने स्वतःच्या हाताने अठरा पानं लिहिली होती. टिबुकली बुडी मारते तेव्हा पिसातली हवा कशी सोडते, राखी बगळा मान कशी दुमडतो, वटवाघळं किती वाजता निघतात, सगळं मुद्देसूद. अक्षर तुझ्यासारखं. फक्त एक गोष्ट मला खटकली. मधेमधे अर्धं अर्धं पान कोरं. मला वाटलं हिला सुचलं नाही, पोर अडली आहे आणि सांगायला लाजते आहे. मी लाल पेन्सिल घेतली आणि एका दुपारी सगळ्या कोऱ्या जागा भरून काढल्या. चांगली खणखणीत वाक्यं घातली. "रसिकहो, या गवताआड कोण बरं दडलं असेल?" "अहाहा! पाहा हा एकाकी तपस्वी, जलदर्पणी निजरूप न्याहाळतो!" अशी. तिने पानं पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाली, "बाबा, ते कोरं राहू द्या ना." मी त्याला विनय समजलो. तीन आठवडे रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारून तालीम घेतली. टेबल म्हणजे तलाव, पाण्याचा जग म्हणजे बगळा आणि तुझी भावजय म्हणजे बारा पर्यटक. गप्पू कोऱ्या जागी थांबली की मी पाचाला ओळ द्यायचो. ती हसायची आणि पुढे जायची. मला वाटायचं, बसतंय हळूहळू.

फेरीला मी यायचं नाही, असं तिने आठ दिवस आधी सांगितलं होतं. मी कबूल केलं. कबूल करताना मी फेरीच्या यादीत नाव घालून मोकळा झालो होतो, एवढंच तिला सांगितलं नाही. (नावाच्या रकान्यात "एक निसर्गप्रेमी" लिहिलं. खोटं काय आहे त्यात?) त्या संध्याकाळी कपाटातले माझे कापडी बूट काढले, तेच, रबरी तळाचे, ज्यांचा आवाज चाळीस वर्षांत एकाही प्रेक्षकाने ऐकला नाही. अंगात हिरवा स्वेटर, कानटोपी नाकापर्यंत. केंद्राच्या खिडकीपाशी रांगेत उभा राहिलो. आत भिंतीवर खिळ्यांना आकडे घातलेल्या दुर्बिणी टांगलेल्या, खाली गमबुटांची ओळ, आणि मधे आपली गप्पू, खाकी जाकीट घालून, छातीवर बिल्ला. मला वाटलं ओळखणार नाही. तिने मान वर न करता बारा नंबरची दुर्बीण माझ्या हातात ठेवली आणि इतकंच म्हणाली, "एक अक्षर नाही." बारा नंबरची दुर्बीण एका डोळ्याने आंधळी आहे, हे मला नंतर कळलं.

मंडळींपैकी दोघांची ओळख करून देणं भाग आहे. एक म्हणजे परीक्षेला आलेल्या बाई. उंच, कोरड्या चेहऱ्याच्या, गळ्यात दोरीने अडकवलेलं पेन. त्या सगळ्यांच्या मागे चालायच्या आणि कधीही, कशावरही, काहीही लिहायच्या. दुसरे एक दातांचे डॉक्टर. पोटावर भला मोठा कॅमेरा आणि तोंडाला खीळ नाही. त्यांचाही दोष नाही म्हणा, जन्मभर समोरच्याचं तोंड उघडं ठेवून त्यात हत्यारं घालायची आणि आपण बोलत राहायचं, उलट उत्तर यायची सवयच नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत त्यांनी मला माझ्या वरच्या डाव्या दाढेबद्दल दोनदा बजावलं.

आमची फेरी लाकडी धक्क्यापासून निघाली. ऊन उतरलं होतं, पाणी अगदी गुळगुळीत. गप्पूने सुरुवात केली आणि अक्का, तुला खोटं वाटेल, आवाज स्वच्छ लागला. मोठा नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. टिबुकली दाखवली. एवढीशी, गोल, आणि बघता बघता बुडून भलतीकडेच वर येणारी. लोक तिच्या मागे बोटं नाचवायला लागले. खंड्या दाखवला, पाणकावळा दाखवला, तो पंख पसरून वाळत बसला होता. मी मागे उभा राहून ओठ हलवत होतो, बिनआवाजी. सगळं वहीबरहुकूम चाललं होतं. मग उंच गवताची बेटं आली आणि गप्पूने हात वर केला आणि थांबली.

मी मोजायला लागलो. एक, दोन. तीन. चार. परीक्षेच्या बाईंनी पेन हातात घेतलं. पाच. सहा. मला ते कारखान्यातलं स्टूल दिसायला लागलं. सात! मी काही ठरवून केलं नाही, चाळीस वर्षांच्या सवयीने केलं. गवताच्या बेटाआड सरकलो आणि ओळ दिली. "रसिकहो, या गवताआड कोण बरं दडलं असेल?" प्रॉम्प्टरची कुजबुज ही फार घासून तयार केलेली वस्तू असते, ती वीस फुटांवर अलगद पडते. पण ते थिएटरात, जिथे पडदे आणि खुर्च्या आवाज पितात. पाणी काहीही पीत नाही, अक्का. माझी कुजबुज तलावावरून पलीकडे गेली, टेकडीला लागून परत आली, आणि गवताआड जे कोण दडलं होतं ते सगळं, साधारण साठ बदकं, एकदम उडालं.

मंडळी आभाळाकडे बघत राहिली. दातांच्या डॉक्टरांनी खिशातून पक्ष्यांचं पुस्तक काढलं आणि विचारलं की बदकांच्या आधी तो घोगरा आवाज काढणारा कोण होता, तो पुस्तकात कुठे असेल. गप्पूने गवताकडे पाहिलंसुद्धा नाही. शांतपणे म्हणाली, "तो इथला नाही. शहराकडून भरकटून आलाय. घाबरला की असा आवाज काढतो. आपण लक्ष दिलं नाही तर गप्प होईल." डॉक्टरांनी समासात नोंद केली. परीक्षेच्या बाईंनीही वहीत काहीतरी लिहिलं. प्रसंगावधान म्हणतात ते हेच, आणि ते कुणाच्या घराण्यातून आलंय हे मी वेगळं सांगायला नको.

यानंतर मी तोंड बंद ठेवायचं असं मनाशी पक्कं केलं आणि पाळलंही, चांगली वीस मिनिटं. (एक कासव ओंडक्यावरून पाण्यात पडलं तेव्हासुद्धा बोललो नाही.) पण पुढे उथळ पाण्यात राखी बगळा उभा होता, आणि गप्पू पुन्हा थांबली. मी मान वळवली. पाचला जीभ दातांखाली धरली. सातला डोळे मिटले. नऊ झाले तेव्हा मला राहवेना, कारण प्रॉम्प्टरला नटाचं तोंड दिसावं लागतं, तोंड बघूनच कळतं की ओळ जिभेवर आहे की गेली. गप्पूचं तोंड पलीकडे होतं. म्हणून तिचा चेहरा दिसेल अशा बेताने मी हलकेच दोन पावलं खाली उतरलो. तिसरं पाऊल मी टाकलं नाही, ते चिखलाने घेतलं. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत, आणि नेमक्या त्याच क्षणी तोंडातून आपोआप "अहाहा! पाहा हा एकाकी तपस्वी" एवढं बाहेर पडलं. मंडळींनी पाहिलं तो मीच. बगळ्याने माझ्याकडे एक नजर टाकली, मुख्य भूमिकेतले नट टाकतात तशी, आणि उडाला. डॉक्टरांनी मात्र माझे चार फोटो काढले.

मग गप्पू खाली उतरली. चिडली असेल असं वाटून मी कानटोपी आणखी खाली ओढली. तिने माझ्या काखेत हात घातला, ओढलं, पाय आला, बूट राहिला. आणि कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, मी विसरलेली नाहीये. मी थांबलेय." एवढंच. आवाजात राग नव्हता, रागापेक्षा ते जास्त लागलं. मी काही म्हणणार इतक्यात ती चिखलाकडे वाकली आणि तिने हात वर करून सगळ्यांना बोलावलं. माझ्या पायाच्या खड्ड्याशेजारी, अगदी वीतभर अंतरावर, ओल्या चिखलात पाच-पाच बोटांचे ठसे होते, ताजे, आणि बाजूला माशाचे खवले. पाणमांजर! या तलावावर चार वर्षांत कुणाला दिसलेलं नव्हतं. परीक्षेच्या बाई पहिल्यांदाच पुढे आल्या, गुडघ्यावर बसल्या. आता मी शोध लावला असं म्हणत नाही, पण माझा पाय तिथे गेला नसता तर तिथे कोण कशाला बघायला गेलं असतं, याचा विचार तू आणि दाजींनी शांतपणे करावा.

गप्पूने अठरा पानांतलं पुढचं सगळं तिथेच सोडून दिलं. वहीत नसलेलं करायचं ठरवलं, म्हणजे माझ्या धंद्यात ज्याला संकट म्हणतात ते. ती आम्हाला पलीकडच्या काठावर घेऊन गेली, एका आडव्या झाडामागे सगळ्यांना खाली बसवलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि स्वतः पाण्याकडे तोंड करून बसली. उजेड कमी होत चालला होता. वटवाघळं निघाली, एक, मग पाच, मग मोजता येईनात. मी मोजत होतो ते वेगळंच. वीस झाले. पन्नास झाले. एका पायात नुसता मोजा, तो ओला. शंभर झाले तेव्हा डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि कोण जाणे का, आपणहून मिटलं. दीडशे झाले. माझ्याकडे द्यायला ओळच नव्हती, अक्का. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हातात वही नव्हती आणि पुढे काय येणार ते मला माहीत नव्हतं.

एकशे नव्वदला पाण्यावर एक रेघ आली. रेघेच्या टोकाला चपटं डोकं. ते काठाशी आलं, वर चढलं, अंग झटकलं, आणि मागून आणखी दोन लहान डोकी. पिल्लं. आई मासा घेऊन आली होती. दोघांची त्याच्यावरून झोंबाझोंबी, एक घसरून पाण्यात पडतं, पुन्हा येतं, आई मधे पडत नाही, नुसती बघते. आमच्यापासून तीस फुटांवर. बारा माणसांत कुणी हललं नाही. डॉक्टरांचा कॅमेरा पोटावर तसाच. बाईंचं पेन दोरीला लोंबत होतं. आणि मी पाणमांजराकडे बघायचं सोडून गप्पूकडे बघत होतो. बारा माणसं तिने मुठीत धरली होती, एक शब्द न उच्चारता. भलेभले नट मी जवळून पाहिले, टाळ्या घेणारे, हार घेणारे, सहा मोजेपर्यंतची शांतता पेलताना ज्यांचे पाय लटपटायचे. माझ्या लेकीने चारशे बारा पेलली. मी मोजली आहे. माझे डोळे भरले, आणि आंधळी दुर्बीण डोळ्यांना लावून मी ते निभावून नेलं.

तेव्हाच मला शाळेच्या संमेलनातलं ते नाटक आठवलं. तुला आठवतंच, तू तिसऱ्या रांगेत होतीस आणि त्यानंतर आजवर प्रत्येक घरगुती बैठकीत तू ते करून दाखवतेस. आठ वर्षांची गप्पू, राजवाड्यातली दासी, एकच वाक्य. खिडकीपाशी जायचं आणि म्हणायचं, "कुणीतरी येतंय." ती खिडकीपाशी गेली आणि गप्प उभी राहिली. मी विंगेतून ओळ दिली, जरा मोठ्याने गेली, सभागृह हसलं, आणि पोर जी आत निघून गेली ती पुन्हा कधी स्टेजवर चढली नाही. गप्पू हे नाव तूच त्या दिवशी ठेवलंस. असो. ते तलावाकाठी का आठवावं कोण जाणे. ओल्या मोज्यामुळे असेल.

पाणमांजरं गेल्यावर गप्पू उठली आणि म्हणाली, "चला." केंद्रात दिवा लावून बाईंनी गप्पूला विचारलं, ते चिखलातले गृहस्थ कोण. मी गमबुटांच्या ओळीमागे उभा होतो. मला वाटलं, म्हणेल, असेच कुणीतरी. ती म्हणाली, "माझे बाबा." बाईंनी माझ्याकडे, माझ्या एका मोज्याकडे पाहिलं, आणि खाली सही केली. अहवालाची प्रत मी मिळवली आहे, त्यातलं तुझ्यासाठी जसंच्या तसं उतरवतो: "मार्गदर्शकाची माहिती उत्तम, शांततेवरची पकड असाधारण. एका सहभागी व्यक्तीला आवरण्याची वेळ आली, ती मार्गदर्शकाने कौशल्याने निभावली. कायम करावे." म्हणजे तिला कौशल्य दाखवायची संधी कुणामुळे मिळाली, ते सरकारी कागदावर आलेलं आहे. मी पुढे होऊन काही बोलत नाही, पण कागद बोलतो.

दाजींना नमस्कार सांग. डोळ्यात थेंब वेळेवर घाल आणि तिसऱ्या मजल्याकडे बघणं जरा कमी कर. तुझी भावजय नमस्कार सांगते आणि तिने लाटलेल्या पोळ्यांचा विषय काढल्याबद्दल माझ्यावर रागावली आहे.

तुझा लाडका (दुसरा नसल्यामुळे) भाऊ

ता. क. बूट सापडला. केंद्रात दाराशी काचेचं कपाट आहे, "तलावात काय टाकू नये" असं वर लिहिलेलं. त्यात एक प्लास्टिकची बाटली, मासेमारीच्या जाळ्याचा गुंता आणि मधोमध माझा बूट. आपल्या घराण्यातली वस्तू प्रदर्शनात लागण्याची ही पहिलीच वेळ. परत मागितलेला नाही.

पुन्हा ता. क. केंद्राच्या खिडकीवर आता पाटी आहे की मार्गदर्शकांच्या नातेवाइकांना फेरीत प्रवेश नाही. पाटी गप्पूनेच रंगवली. अक्षर सुरेख आहे. पण आत्या हे नातं पाटीवर वेगळं लिहिलेलं नाही, शिवाय डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या वृद्ध बाईंना सोबतीला एक माणूस चालतो असं मी खिडकीवर आवाज बदलून विचारून आलोय. पुढच्या शनिवारी संध्याकाळी ये. सोबतीचा माणूस मी पुरवतो.

शेवटचं ता. क. वर "असो" म्हणून सोडून दिलं ते खरं सोडवत नाही. पाकीट चिकटवून पुन्हा फोडलं, म्हणून कडेला फाटलंय. फेरी संपल्यावर आम्ही दोघं घरी चालत आलो, ती गमबुटात, मी एका बुटात. अर्ध्या वाटेवर मी तिला विचारलं की त्या नाटकात तू ओळ विसरली होतीस ना. ती म्हणाली, नाही. मग थांबलीस का? तर म्हणाली, "कुणीतरी येतंय म्हणायच्या आधी खिडकीतून बघायला नको का, बाबा?" आठ वर्षांची होती अक्का, आणि मी तिला बघू दिलं नाही. वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की पोर विसरली म्हणून मला सांगावं लागलं, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवून सांगत आलीस. तेव्हा मागायचं ते एवढंच आहे, बाकी सगळं पत्र त्याच्यासाठीच होतं. ती गोष्ट बैठकीत सांगणं बंद कर असं मी म्हणणार नाही, तू ऐकायची नाहीस. सांगायचीच असेल तर सांग, पण इथून पुढे बरोबर सांग. पोरीला सगळं पाठ होतं, प्रॉम्प्टर आगाऊ होता.